कोटेशनमधल्या दोन ओळी आणि न दिसलेल्या दोन

पत्र थोडक्यात असं आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका शिक्षिकेनं लिहिलंय. घरातली पहिली नवी गाडी घ्यायची आहे, पेट्रोलवरची, १,१९७ सीसीची, थोडं कर्ज काढून. दसऱ्याला गाडी दाराशी यावी अशी सासऱ्यांची इच्छा. शोरूमच्या विक्री विभागात आहेत त्यांचे चुलत दीर. कोटेशन आलं ते असं: एक्स-शोरूम ८,४९,०००, आरटीओ १,०६,५००, विमा ४६,२००, 'हँडलिंग व लॉजिस्टिक' ८,५००, 'एसेन्शियल किट' ११,९००, फास्टॅग ६००. ऑन-रोड १०,२२,७००. हँडलिंग आणि किट कशाचं, असं विचारल्यावर दीर म्हणाले, ''वहिनी, एवढं चालतंच, सगळेच देतात. किट काढलं तर दसऱ्याची डिलिव्हरी सांगता येत नाही.'' नवरा म्हणतो देऊन टाकू. सासरे म्हणतात, शुभकार्यात किरकिर नको. गेल्या पावसाळ्यात जुनी गाडी गॅरेजला टाकली तेव्हाही ४,२०० सांगून ९,७८० चं बिल हातात ठेवलं होतं, आणि त्यांनी ते मुकाट्यानं भरलं होतं. त्यांचा प्रश्न: ''वीस हजारांसाठी नात्यात वाईटपणा घ्यायचा का? की मीच चिकटपणा करतेय?''

प्रिय ताई,

आधी तुमच्या शेवटच्या शब्दाबद्दल. पैसे कशाचे, हे विचारणारं माणूस चिकट कसं? तुम्ही वर्गात मुलांना उत्तराखाली रीत लिहायला लावता. शोरूमकडे तुम्ही तेवढंच मागितलंत: आकडा दिलात, आता रीत दाखवा.

तुमच्या पत्रात मला एक गृहीत धरलेली गोष्ट दिसली आणि मी तिच्यापाशीच थांबले. तुमच्यासमोर दोनच वाटा आहेत असं तुम्ही धरून चाललात: गप्प बसून भरायचे, नाहीतर भांडायचं. या दोन्हींच्या मध्ये बरीच मोठी जागा आहे आणि बहुतेक कामं तिथंच होतात. त्या जागेबद्दल सांगतेच, पण आधी कोटेशन नीट वाचू. तुमचा हिशोब वीस हजारांचा आहे. मला तो चाळीसच्या आसपास दिसतोय.

'आरटीओ' ही ओळ घ्या. तिच्याकडे तुमचं लक्ष गेलं नाही, कारण ते नाव सरकारी वाटतं. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या, दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर ११ टक्के आहे. ८,४९,००० चे ११ टक्के म्हणजे ९३,३९०. त्यावरचा उपकर, ६०० रुपये नोंदणी शुल्क, स्मार्ट कार्डचे २००, कर्जाचा बोजा चढवण्याचे १,५०० असं सगळं धरलं तरी वर चार-साडेचार हजार होतात. म्हणजे बेरीज ९८ हजारांच्या आत यायला हवी. तुमच्या कोटेशनमध्ये १,०६,५०० आहेत. मधल्या आठ-नऊ हजारांना नाव नाही. कदाचित शोरूमकडे त्याचं काही उत्तर असेल. ते द्यायला सांगा. सरकारकडे भरलेल्या पै-पैची पावती 'वाहन' पोर्टलवर निघते, तुमच्या नावानं आणि गाडीच्या तपशिलासह. ''आरटीओचे जे भरले असतील त्याची पोर्टलवरची पावती द्या, तेवढे मी देते,'' या एका वाक्यावर ही ओळ बऱ्याचदा आपोआप खाली येते.

दुसरी न दिसलेली ओळ विम्याची. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा, एकदम घ्यावाच लागतो, सप्टेंबर २०१८ पासूनचा तो नियम आहे. त्याचा हप्ता सरकार ठरवतं. २०२२ च्या दरांप्रमाणे हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीला तीन वर्षांचे १०,६४० रुपये. हा भाग कुठंही घ्या, सारखाच. फरक पडतो तो आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात आणि त्यावर चढवलेल्या झिरो डेप्रिसिएशन, इंजिन प्रोटेक्ट अशा जादा संरक्षणाच्या जोडण्यांमध्ये. तुम्ही लिहिलंय की भावानं ऑनलाइन बघितलं तर तसाच विमा ३४ हजारांना दिसत होता. 'तसाच' आहे का, हे मात्र तपासून घ्या. नव्या गाडीची विमा रक्कम, म्हणजे आयडीव्ही, एक्स-शोरूमच्या ९५ टक्के धरतात. तुमच्या बाबतीत साधारण ८,०६,०००. बाहेरच्या स्वस्त कोटेशनमध्ये ही रक्कम सात लाख टाकलेली असेल, तर ती खरी बचत नाही. आयडीव्ही तीच, जोडण्या त्याच, आणि मग हप्ता कमी असेल तर बाहेरचा घ्या.

''बाहेरचा विमा घेतलात तर आमच्याकडे क्लेम होणार नाही,'' असं शोरूममध्ये हमखास ऐकायला मिळतं. विमा नियामकाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये विक्रेत्याला विमा विकायची मुभा आहे, पण आमच्याकडूनच घ्या अशी सक्ती करायची नाही. कॅशलेस, म्हणजे खिशातून न भरता दुरुस्ती, होणार की नाही हे विमा कंपनी आणि गॅरेज यांच्यातल्या करारावर ठरतं. त्या कंपनीच्या यादीत तुमच्या जवळचं वर्कशॉप आहे का, एवढं बघा. आणि बाहेरचा विमा घ्यायचं ठरलं तर चेसिस आणि इंजिन नंबर लवकर मागून घ्या, कारण विमा निघाल्याशिवाय नोंदणी पुढे सरकत नाही. नंबर द्यायला टाळाटाळ होते ती इथंच. शेवटच्या दिवशी ग्राहकाकडे वेळ उरत नाही आणि तो ''असू दे, तुमचाच काढा'' म्हणतो.

आता ज्या दोन ओळी तुम्हाला खुपल्या त्यांच्याकडे येऊ.

हँडलिंग. एक्स-शोरूम किंमत म्हणजे शोरूमच्या दारात विकायला तयार उभ्या असलेल्या गाडीची किंमत. कारखान्यातून ती इथवर आणणं त्यातच आलं, विक्रेत्याचा नफाही त्यातच आला. राहिली आरटीओची धावपळ. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज करणं ही विक्रेत्याचीच जबाबदारी आहे, आणि नंबर लागल्याशिवाय गाडी ताब्यात द्यायची नाही असंही त्यात आहे. स्वतःच्या कायदेशीर कामाचे वेगळे साडेआठ हजार मागायचे, हे मला पटत नाही. राज्याच्या परिवहन खात्यानंही अशा वसुलीबद्दल विक्रेत्यांना वेळोवेळी बजावलं आहे. ज्या ट्रेड सर्टिफिकेटवर शोरूम चालतं ते आरटीओच देतं, त्यामुळे तिथली लेखी तक्रार शोरूमला हलकी वाटत नाही.

किट. त्यात फ्लोअर मॅट, मडफ्लॅप, गाडीचं कव्हर, परफ्यूम आणि बहुधा एखादं कोटिंग असणार. यातलं हवं ते घ्या, मॅट तर लागतंच. पण ''किट घेतलं तरच गाडी, किंवा तरच वेळेवर गाडी'' ही अट वेगळी गोष्ट आहे. एक वस्तू घ्यायची तर दुसरी घ्यावीच लागेल, अशा विक्रीला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'प्रतिबंधक व्यापारी प्रथा' म्हटलंय. हे नाव लक्षात ठेवा. मेलमध्ये हे तीन शब्द लिहिले की वाचणारा माणूस तो मेल आपल्या वरच्या साहेबाला दाखवतो. (दुचाकी घेणाऱ्यांसाठी जाता जाता: आयएसआय हेल्मेट गाडीसोबत देणं मोटार वाहन नियमांत उत्पादकावरच टाकलेलं आहे, तरी त्याचे पैसे 'ॲक्सेसरीज'मध्ये धरलेले दिसतात. आणि कारच्या पुढे लावायचा लोखंडी क्रॅश गार्ड कुणी किटमध्ये देऊ केला तर फुकटातही घेऊ नका. २०१७ च्या डिसेंबरपासून केंद्रानं त्यावर कारवाई करायला सांगितलंय, आणि रस्त्यावरच्या पायी माणसाला तो जीवघेणा ठरतो.)

सगळीच जादा रक्कम खोटी असते असं मात्र नका समजू. फास्टॅग नव्या चारचाकीला डिसेंबर २०१७ पासून लागतोच. गाडीची किंमत दहा लाखांवर असेल तर विक्रेता १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, घेतो. तो आयकरात वळता होतो, त्यामुळे त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. तुमच्या गाडीला तो लागू नाही. वाढीव वॉरंटी कुणाला खरंच उपयोगी पडते. मी विरोधात आहे ते न विचारता चढवलेल्या ओळींच्या.

''सगळेच देतात'' हे तुमच्या दिरांचं वाक्य. ते खोटं बोलत नाहीत, खरंच बरेच जण देतात. पण बरेच जण देतात म्हणून तो नियम ठरत नाही. हॉटेलच्या बिलातला सर्व्हिस चार्ज आठवा. वर्षानुवर्षं सगळे देत होते. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तो आपोआप लावायचा नाही अशा सूचना काढल्या, आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या उचलून धरल्या.

आता नात्याचं. मला वाटतं तुमची खरी अडचण हीच आहे, वीस हजार नव्हेत. भाऊजींना वाईट वाटेल, सासरी बोललं जाईल. पण ताई, हँडलिंगचा आकडा तुमच्या दिरांनी ठरवलेला नाही. किट विकायचं टार्गेट त्यांना वरून येतं आणि विम्याचंही. तुम्ही त्यांच्याशी तोंडी घासाघीस करत राहिलात तर ते दोन्हीकडून चेपले जातात: इकडे वहिनी, तिकडे मॅनेजर. म्हणून त्यांच्याशी बोलणं घरच्यासारखंच ठेवा आणि मागणी लेखी करा, शोरूमच्या मेलवर, मॅनेजरच्या नावे. त्यांना आधी सांगून ठेवा: ''भाऊजी, मी मेल टाकतेय. तुमच्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. मला फक्त ओळीओळीचा हिशोब हवाय.'' मग त्यांनाही आत म्हणता येतं की ग्राहक लेखी मागतोय, मी काय करू?

मेल चार-पाच वाक्यांचा पुरे. कोटेशनची तारीख लिहा. आरटीओच्या रकमेची फोड मागा. विमा तुम्ही स्वतः काढणार असल्याचं कळवा आणि चेसिस-इंजिन नंबर कधी मिळतील ते विचारा. हँडलिंग व लॉजिस्टिकची रक्कम कोणत्या नियमाखाली घेता आणि तिचं जीएसटी बिल मिळेल का, ते विचारा. किटमधल्या अमुक दोनच वस्तू हव्यात असं लिहा. शेवटी सुधारित कोटेशन अमुक तारखेपर्यंत द्यावं अशी विनंती. 'विनंती' हाच शब्द वापरा, धमकी नको. यातला बिलाचा प्रश्न सगळ्यात धारदार आहे. हँडलिंगचे पैसे पुष्कळदा रोख मागतात किंवा साध्या चिटोऱ्यावर घेतात, आणि विकलेल्या वस्तूचं वा सेवेचं बिल न देणं हीसुद्धा कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल देता येत नसेल तर पैसे मागता येणार नाहीत, इतकं साधं आहे ते.

यावर शोरूम काय करेल? माझा अनुभव असा की तीनपैकी एक गोष्ट होते. काही ठिकाणी हँडलिंग मुकाट्यानं निघतं. काही ठिकाणी ते निघतं पण ''मग पंधरा हजारांचा डिस्काउंट मिळणार नाही'' असं सांगतात. तेव्हा ओळींचा हट्ट सोडा आणि शेवटच्या बेरजेकडे बघा. कुणी डिस्काउंट देऊन हँडलिंग घेतो, कुणी दोन्ही करत नाही, तुमच्या खिशातून जाणार आहे ती बेरीज. आणि काही ठिकाणी सरळ ''परवडत नसेल तर राहू द्या'' म्हणतात. त्या दिवशी कोल्हापूर किंवा साताऱ्याच्या शोरूमचं कोटेशन मागवा. दुसऱ्या जिल्ह्यातून गाडी घेऊन आपल्या पत्त्यावर नोंदवायला काही अडचण नसते. बुकिंगची रक्कम अजून भरली नसेल तर आधी कोटेशन पक्कं करा, मग भरा. रक्कम भरून झाली असेल तर बुकिंग फॉर्मच्या मागच्या बारीक अक्षरात रद्द केल्यावर किती कापतात ते वाचा.

दसऱ्याचं म्हणाल तर मुहूर्त तुमचा आहे, शोरूमचा नाही. साडेतीन मुहूर्तांपैकी कुठल्याही दिवशी शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते, आणि त्या गर्दीत उभं राहून हिशोब मागणं कुणालाच जमत नाही. म्हणून पैसे, विमा, नोंदणी सगळं आठ दिवस आधी उरका. नंबरप्लेट लागलेली गाडी दसऱ्याला घरी आणून पूजा करा. सासऱ्यांना सांगा, किरकिर आधीच संपवलीय, त्या दिवशी फक्त पेढे.

गॅरेजचं तुम्ही दोनच ओळींत लिहिलंय, पण मला ते जास्त लागलं, कारण गाडी एकदाच घेतो आणि गॅरेजला आयुष्यभर जातो. मागच्या वर्षी एका वर्कशॉपमध्ये माझ्या बिलात 'एअर फिल्टर बदलला' असं होतं. मी म्हटलं, जुना फिल्टर द्या. काउंटरवरचा मुलगा आत गेला. दहा मिनिटांनी परत आला, काही न बोलता माउसनं ती ओळ पुसली आणि नवं बिल छापून दिलं. मी त्याला काही म्हटलं नाही. त्याचा चेहरा उतरला होता आणि तो फिल्टर त्यानं बिलात घातलेला नव्हता, हे मला दिसत होतं. पण तेव्हापासून गाडी देतानाच मी जॉब कार्डवर, म्हणजे गॅरेजच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, माझ्या हातानं दोन गोष्टी लिहिते: 'बदललेले जुने पार्ट परत द्यावेत' आणि 'सांगितलेल्या रकमेपेक्षा जास्त काम निघाल्यास फोन करून परवानगी घ्यावी'. खाली सही, आणि कार्डाचा मोबाइलवर फोटो. तुमचे ४,२०० चे ९,७८० झाले ते बहुधा या दुसऱ्या ओळीअभावी. (विम्याच्या क्लेममधून काम होत असेल तर जुने पार्ट विमा कंपनीचे होतात, ते मागू नका.)

बिल आलं की पार्ट, लेबर आणि किरकोळ अशा तीन गठ्ठ्यांत वाचा. पाकीटबंद पार्टवर आणि ऑइलच्या डब्यावर छापील किंमत असते, त्यापेक्षा जास्त घेता येत नाही. घेतली तर वैधमापन शास्त्र, म्हणजे वजनमापं आणि छापील किमती तपासणाऱ्या, विभागाकडे तक्रार होते. 'फ्री सर्व्हिस'मध्ये फुकट असतं ते बहुधा लेबर. ऑइल आणि फिल्टरचे पैसे पडतात, ते रास्त आहेत. जागरूक राहायचं ते 'कन्झ्युमेबल्स', 'इंजिन फ्लशिंग', 'एसी डिसइन्फेक्टंट', 'अंडरबॉडी कोटिंग' या किरकोळ गठ्ठ्यात. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक पुस्तिका असते, तिच्यात किती किलोमीटरला काय करायचं याचा तक्ता आहे. तक्त्यात नसलेलं काम सुचवलं तर ''हे कंपनीनं सांगितलंय की तुम्ही सुचवताय?'' असं शांतपणे विचारा.

''बाहेरच्या गॅरेजला गेलात तर वॉरंटी गेली,'' या वाक्याला तर मोठा इतिहास आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं सुटे भाग आणि दुरुस्तीची बाजारपेठ बांधून ठेवल्याबद्दल १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड लावला. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही सांगितलं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, दंडही कमी झाला. म्हणून या आदेशाच्या जोरावर वॉरंटीतल्या गाडीचं इंजिन कुठंही उघडायला देऊ नका. मात्र टायर, बॅटरी, वायपर, अलाइनमेंट यांसाठी घाबरून अधिकृत वर्कशॉपचाच दर द्यायचं कारण नाही. केंद्रानं २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'राइट टू रिपेअर' पोर्टलवर वाहनांचाही विभाग आहे, तिथं आपली कंपनी सर्व्हिस आणि वॉरंटीबद्दल काय म्हणते ते बघता येतं.

आणि सगळं करूनही पैसे घेतलेच, तर? आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. फोन लागतो, मराठीत बोलता येतं आणि कंपनीकडे विचारणा जाते. तेवढ्यानं बरेच परतावे मिळतात. नाही मिळाला तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागत नाही, तुमच्या गाडीच्या किमतीला फी दोनशे-चारशे रुपयांच्या घरात, आणि मुदत दोन वर्षांची. म्हणजे गॅरेजचं गेल्या पावसाळ्यातलं बिलही अजून मुदतीत आहे. ते सापडलं तर जपून ठेवा. त्यासाठी आयोगापर्यंत जायचं की नाही, ते तुमच्यावर सोडते. वेळ आणि हेलपाटे होतात, आणि साडेपाच हजारांसाठी मी स्वतः कदाचित हेल्पलाइनवरच थांबले असते. नव्या गाडीच्या चाळीस हजारांसाठी मात्र थांबले नसते.

आज संध्याकाळी मेल लिहा, पाठवण्याआधी नवऱ्याला वाचून दाखवा आणि मग भाऊजींना फोन करा. याच क्रमानं. सुधारित कोटेशन आलं की आरटीओच्या ओळीसमोर काय आकडा पडला ते मला नक्की कळवा.